गर्दीच्या वेळी चौकात पोलीस का नसतो? सातारा-सांगलीच्या ट्रॅफिकचं साधं गणित

(हा ऑडिओ भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

तुमच्या गाडीवर एमएच-११ असो की एमएच-१०, एक वाक्य तुम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकता किंवा स्वतः बोलता: "नेमका गर्दीच्या वेळीच पोलीस नसतो." आणि दुसरं वाक्य त्याच्याच जोडीला: "असला तरी पावती फाडत बसलेला असतो."

आज या दोन्ही वाक्यांच्या मागे काय आहे ते बघू. कोणाला शिव्या घालायच्या नाहीत आणि कोणाची बाजूही घ्यायची नाही. गणित मांडू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे सर्व्हर दिवसाच्या सरासरी लोडवर कोसळत नाही, तो पीकला कोसळतो. त्यामुळे किती माणसं कामावर आहेत यापेक्षा ती कोणत्या तासाला जागेवर आहेत हे आम्ही आधी बघतो. चौकाचंही तेच आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ

पुणे, सोलापूर इथे पोलीस आयुक्तालय आहे. पुण्यासारख्या ठिकाणी ट्रॅफिकसाठी वेगळे पोलीस उपायुक्त असतात. सातारा आणि सांगलीत तसं नाही. हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर परिक्षेत्रात येतात आणि इथले पोलीस प्रमुख म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक, आपण ज्यांना एसपी साहेब म्हणतो ते. शहर वाहतूक शाखा त्यांच्याच हाताखाली. माणसं येतात ती जिल्ह्याच्या एकूण मनुष्यबळातूनच. म्हणजे चौकातला हवालदार, पोलीस ठाण्यातला हवालदार आणि यात्रेच्या बंदोबस्तातला हवालदार, हे सगळे एकाच टाकीतलं पाणी.

ही टाकी तरी भरलेली आहे का? पोलीस संशोधन आणि विकास ब्युरो दरवर्षी देशभरातले आकडे काढतो. १ जानेवारी २०२० च्या आकड्यांनुसार देशात लाख लोकांमागे मंजूर पोलीस सुमारे १९५ होते आणि प्रत्यक्षात सुमारे १५५. पाचातला एक माणूस फक्त कागदावर. जिथे मुळातच माणूस कमी, तिथे साहेब आधी पोलीस ठाणं सांभाळणार, मग तपास, मग बंदोबस्त. चौकाचा नंबर शेवटी लागतो.

आता शहरं बघा. २०११ च्या जनगणनेत सातारा पालिकेची लोकसंख्या होती साधारण १ लाख २० हजार. २०२० मध्ये हद्दवाढ झाली आणि शहर आणखी मोठं झालं. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, तिची २०११ ची लोकसंख्या पाच लाखांच्या वर. पण ट्रॅफिक फक्त रहिवाशांचं नसतं. साताऱ्यात कोर्ट, कलेक्टर ऑफिस, कॉलेज यासाठी आख्ख्या जिल्ह्यातून लोक येतात. मिरजेत दवाखान्यांसाठी पार कर्नाटकातून पेशंट येतात. सांगली-मिरज रोडवर अॅम्ब्युलन्सचा आवाज ही रोजची गोष्ट आहे. म्हणून हा विषय "ऑफिसला दहा मिनिटं उशीर झाला" एवढ्यावर संपत नाही. त्या रांगेत एखाद्याचा जीव अडकलेला असतो.

वीस मिनिटांची गर्दी तासभर का टिकते?

हा भाग नीट ऐका, सगळी गोम इथे आहे.

समजा एका चौकातून मिनिटाला ३० गाड्या पार होतात. सकाळी १० ते १०.२० या वेळात मिनिटाला ४० गाड्या येतात. म्हणजे दर मिनिटाला १० गाड्या मागे उरतात. वीस मिनिटांत रांग झाली २०० गाड्यांची. १०.२० ला गर्दी ओसरली, आता मिनिटाला २५ च येतात. चौक ३० सोडतोय, म्हणजे रांग मिनिटाला फक्त ५ ने कमी होते. २०० ला ५ ने भागा. चाळीस मिनिटं! गर्दी संपली १०.२० ला, कोंडी सुटली ११ ला.

आता त्याच चौकात दहाच्या ठोक्याला एक अनुभवी हवालदार उभा करा. तो काय करतो? चौकाच्या मध्ये कोणाला घुसून अडकू देत नाही. कोपऱ्यावर पॅसेंजर भरत थांबलेलं वडाप पुढे काढतो. उलट्या बाजूने येणाऱ्या मोपेडला मागे पाठवतो. रस्ता एक इंचही रुंद झाला नाही, तरी ३० च्या जागी ३६ गाड्या निघतात असं धरू. मग मिनिटाला ४ च गाड्या उरतात, वीस मिनिटांत रांग ८० ची. पुढे मिनिटाला ११ ने कमी होत जाते आणि साडेदहाच्या आत चौक मोकळा.

आणि तोच हवालदार १०.२० ला आला तर? रांग आधीच २०० झालेली. ३६ च्या वेगाने सुटायलाही १८ मिनिटं लागतात, म्हणजे १०.३८. माणूस तोच, मेहनत तीच, फक्त वीस मिनिटं उशीर.

आकडे मी सोपे घेतलेत, तुमच्या चौकाचे वेगळे असतील. पण नियम बदलत नाही: कोंडी झाल्यावर पाठवलेले चार पोलीस आणि कोंडी व्हायच्या आधी उभा असलेला एक पोलीस, यात दुसरा जास्त कामाचा. "फोन केला की पोलीस येतात" ही पद्धत ट्रॅफिकला लागू पडत नाही, कारण फोन जातो तोपर्यंत रांग तयार झालेली असते.

एका पॉइंटला किती माणसं लागतात?

पोलिसांच्या भाषेत नेमून दिलेल्या जागेला पॉइंट म्हणतात. आपल्याला वाटतं, वीस चौक म्हणजे वीस पोलीस. चला, मोजू.

वर्षाचे दिवस ३६५. एका कर्मचाऱ्याच्या साप्ताहिक सुट्ट्या ५२. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपण मिळून ४० दिवस धरा. कोर्टाची तारीख, ट्रेनिंग, बाहेरचा बंदोबस्त असे अजून ४०. उरले २३३. म्हणजे एक जागा वर्षभर रोज भरलेली ठेवायची तर साधारण १.५७ माणसं लागतात. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या धरल्या तर एका पॉइंटला तीनपेक्षा थोडी जास्त.

वीस चौकांत एकेकच माणूस ठेवला तरी ६३ जण हवेत. पण सगळे चौक सारखे नसतात. वीसपैकी सहा मोठ्या चौकांत तीन-तीन माणसं ठेवली तर एका वेळी ३२ जण लागतात आणि एकूण आकडा शंभरावर जातो. म्हणून पेपरात "वाहतूक शाखेत इतके कर्मचारी" असं वाचलं की त्या आकड्याला तीनने भागा. एका वेळी रस्त्यावर जास्तीत जास्त तेवढेच दिसणार. त्यातूनही ऑफिस, वायरलेस, क्रेन, ड्रायव्हर वजा करायचे.

बंदोबस्त: टाकीला असलेलं भोक

मी वर बंदोबस्ताचे दिवस धरले, ते आपल्या भागात थोडे नसतात. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते. जानेवारीत वाई तालुक्यात मांढरदेवीची यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ ला तिथे चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविक गेले. त्यानंतर त्या डोंगरावर माणूसबळ कमी करा असं कोणी म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. पावसाळा संपता संपता कास पठारावर फुलं येतात, मग शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या शहरातूनच समर्थ मंदिराकडे चढतात. सांगली-मिरजेत गणेशोत्सव, मिरजेची लांबलचक विसर्जन मिरवणूक, तासगावचा रथोत्सव. शिवाय मंत्र्यांचे दौरे, निवडणुका. ऑगस्ट २०१९ सारखा महापूर आला तर ट्रॅफिक हा विषयच बाजूला पडतो.

महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ असं मानतो की पोलीस कर्मचारी कायम ड्युटीवर आहे आणि त्याला राज्यात कुठेही पाठवता येतं. त्यामुळे सकाळी हजेरी मास्तर नावं वाचतो तेव्हा वाहतूक शाखेतली चार नावं बंदोबस्ताला जाणं अगदी कायदेशीर असतं. मुद्दा एवढाच आहे की चौकाची जागा त्या दिवशी रिकामी राहते आणि ती कुठेच नोंदली जात नाही. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला तर लॉग निघतो. "पोवई नाका, सकाळी १० ते १२, कोणीही नाही" असा लॉग निघत नाही.

यात हवालदाराची बाजूही बघा. बारा-बारा तास धुरात उभं राहायचं, पाणी प्यायचं तरी विचार करून, कारण जवळ टॉयलेट नाही. महिला कर्मचाऱ्यांसाठी तर हा प्रश्न दुप्पट. मे २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. ते वेळापत्रक तिथल्याच एका कर्मचाऱ्याने तयार केलं होतं आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते उचलून धरलं. म्हणजे वेळापत्रक नीट बसवलं तर मोठी भरती व्हायची वाट न बघताही काहीतरी हलतं, हे आपल्याच राज्यात करून बघितलेलं आहे.

चौक सांभाळू की चलान करू?

आता दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. एका माणसाला आपण दोन कामं दिलीत. एक, गाड्या सोडणं. दोन, नियम मोडणाऱ्यावर कारवाई. पहिल्या कामात मान वर आणि नजर चारी बाजूंना हवी. दुसऱ्या कामात मान खाली, मशीनमध्ये. ई-चलान करताना फोटो काढा, नंबर टाका, कलम निवडा, समोरच्याशी हुज्जत घाला. त्या दोन मिनिटांत मागे चौक तुंबतो. शिवाय थांबवलेली गाडी उभी राहते ती रस्त्यावरच!

यातून मोजमापाचाही घोळ होतो. किती चलानं झाली, किती दंड जमला, हे आकड्यात दिसतं. "आज अडीच तास चौक तुंबू दिला नाही" हे कुठल्या रकान्यात लिहिणार? जे मोजलं जातं तेच काम वाढतं, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला सांगायला नको.

मग सिग्नल आणि कॅमेरे लावून टाकू की!

जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल १८६८ मध्ये लंडनला संसदेजवळ बसवला. गॅसवर चालायचा आणि तो फिरवायला पोलीसच उभा असायचा. महिनाभरात गॅसचा स्फोट झाला आणि तो पोलीस भाजला. तेव्हापासून माणसाचं काम यंत्राला द्यायचा प्रयत्न चालू आहे आणि बराचसा जमलाही आहे. पण सिग्नलला फक्त वेळ कळते. पुढचा रस्ता ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने अडलाय हे त्याला दिसत नाही, तो हिरवा होतो आणि गाड्या चौकात घुसून अडकतात. अॅम्ब्युलन्सला वाट काढून देणं हे अजून तरी माणसाचंच काम आहे.

कॅमेऱ्याचं काम वेगळं, तो कारवाई करू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद आणली. त्यासोबतच्या यादीत देशातली १३२ शहरं आहेत, महाराष्ट्रातली १९. त्यात सांगली आहे, कोल्हापूर आहे, सोलापूर आहे. सातारा नाही. कॅमेरा चलान करू लागला तर हवालदाराची मान वर राहील, हा त्याचा खरा फायदा. फक्त दंड वाढवायला कॅमेरे लावले आणि माणूस चौकातून काढून घेतला, तर मात्र कोंडीत अडकलेल्या आपल्या सगळ्यांचे छान फोटो निघतील, बस.

आणि मोठं बांधकाम? साताऱ्यात पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. सरळ जाणाऱ्या गाड्यांना खालून वाट मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण ज्यांना नाक्यावरच थांबायचंय, वळायचंय, रिक्षा पकडायचीय, ते वरच राहणार. आणि एक जागा मोकळी केली की गर्दी पुढच्या अरुंद जागी जाऊन थांबते. राजपथ आणि खालचा रस्ता यांची रुंदी काही बोगद्याने वाढत नाही. तिथे दुतर्फा पार्किंग असेल तर माणूस लागणारच.

आहे त्या माणसांत काय करता येईल?

माझा प्रस्ताव ऐका, पटला नाही तर खोडून काढा. कर्मचाऱ्यांच्या दोन टीम करायच्या. सकाळची टीम साडेनऊ ते बारा फक्त चौकात. हातात चलान मशीन नाही. बारानंतर ती टीम पार्किंगवर कारवाई, शाळा-कॉलेजात जाणं, अपघातांची नोंद, ऑफिसचं काम करून साडेपाचला घरी. संध्याकाळची टीम साडेबाराला येते, आधी कारवाई आणि इतर कामं, मग पाच ते साडेआठ फक्त चौकात. दोघांचीही ड्युटी आठ तासांची. धुरात उभं राहणं अडीच ते साडेतीन तास. आणि पीकला प्रत्येक माणूस चौकात.

माणसं पूर्ण शंभर नाहीत, ६० च आहेत असं धरू. ६० ला १.५७ ने भागलं की रोज हजर ३८, म्हणजे टीमला १९. बत्तीस जागा भरता येणार नाहीत, निवड करावी लागेल. पण इथे एक सोय आहे: सकाळचे आणि संध्याकाळचे चौक एकच नसतात. सांगलीत सकाळी विश्रामबागकडे जोर, कारण विलिंग्डन, वालचंद ही कॉलेजं तिकडेच. संध्याकाळी जोर गणपती पेठ, मारुती चौक अशा बाजाराकडे. साताऱ्यात सकाळी शाळा आणि पोवई नाका, संध्याकाळी मोती चौक आणि राजवाडा. एकच छापील यादी वर्षभर चालवण्यापेक्षा सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, कासच्या सीझनची वेगळी, ऊसाच्या सीझनची वेगळी यादी हवी.

उरलेल्या जागांवर होमगार्ड घेता येतात. ही संघटना मुळात स्वयंसेवकांची, मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झालेली. त्यातले बरेच जण दुसरा कामधंदा करून ही सेवा करतात, त्यामुळे अडीच-तीन तासांचं काम त्यांना सोयीचं पडू शकतं. अट एकच: ट्रेनिंग द्या आणि भत्ता वेळेवर द्या. शिट्टी देऊन कोणालाही चौकात उभं केलं की लोक त्याला जुमानत नाहीत आणि अपघात झाला तर तोच पहिला सापडतो.

आपण काय करायचं?

तीन गोष्टी, मोबाईल हातात आहे तोवर करण्यासारख्या.

पहिली: माहिती मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून नेमकं विचारा: शहर वाहतूक शाखेची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या महिन्यात सकाळी १० ते १२ या वेळेत कोणत्या पॉइंटवर किती कर्मचारी नेमले होते. "पोलीस का नसतो" याला उत्तर मिळत नाही. या प्रश्नाला द्यावं लागतं.

दुसरी: गर्दीची वेळ मोजा. कंप्युटरवर गूगल मॅप्स उघडलं तर वार आणि वेळेनुसार नेहमीचं ट्रॅफिक बघता येतं. तुमच्या चौकाचे आठवड्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला निवेदनासोबत जोडा. "फार गर्दी होते" यापेक्षा "मंगळवारी ९.५० ला रस्ता लाल होतो" हे वाक्य बैठकीत जास्त टिकतं.

तिसरी, जरा कडू: वर हिशोबात हवालदाराने जे ३० चे ३६ केले, ते कशाने? चौकात न घुसल्याने, उलट्या बाजूने न आल्याने, वळणावर गाडी न लावल्याने. यातलं काहीही करायला वर्दी लागत नाही. आपण ते केलं तर १९ माणसांत १९ चौक सांभाळून होतात आणि नाही केलं तर शंभरही कमीच पडतील.

तुमच्या गावातला सगळ्यात वाईट चौक कोणता आणि तो नेमका किती वाजता तुंबतो, ते वेळेसकट व्हॉइस नोट करून पाठवा. फक्त गाडी चालवताना नको, आधी बाजूला घ्या. चला, भेटू पुढच्या भागात!